लाल पाकीट की पांढरं?

भामरागड तालुक्यातली आश्रमशाळा दिवाळीच्या सुट्टीनंतर एका दिवसात भरत नाही. पहिल्या दिवशी मूठभर मुलं येतात, आठवडाभरात आणखी काही, आणि उरलेल्यांना आणायला गुरुजी मोटारसायकल काढून गावोगाव फिरतात. धान कापणीला आलेलं असतं, घरी हात हवे असतात, आणि चौदा-पंधरा वर्षांचं पोर घरच्या हिशेबात पुरा माणूस असतं. परतताना ही मुलं पिशवीत काय आणतात ते अधीक्षक बघतात. रक्तात काय आणतात ते बघायचं की नाही, यावर पुढचा वाद आहे.

वाद घालणाऱ्या दोघांचं आयुष्य याच भागात गेलेलं. गुरुजी मूळचे ब्रह्मपुरीकडचे, बावीस वर्षं आश्रमशाळेत. ताई उपकेंद्रावर आरोग्यसेविका. स्वतः माडिया, अशाच एका आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या. ही दोन माणसं मी कुणा एकेकावरून उचललेली नाहीत. या कामात असलेल्या अनेकांचं म्हणणं दोन तोंडांतून वदवलं आहे, कारण ते तसं समोरासमोर आल्याशिवाय मला स्वतःला उमगेना.

जिल्हा गडचिरोली. अलीकडे मुंबईतले मलेरियाचे आकडेही मोठे दिसतात, पण तिथला बराचसा मलेरिया व्हायवॅक्स जातीचा. जीव घेणारा फॅल्सिपेरम मलेरिया राज्यात प्रामुख्यानं या जंगलपट्ट्यातला आहे. शाळेचा व्हरांडा, सकाळचे दहा. टेबलावर मलेरिया तपासायच्या किटचा डबा.

ताई : गुरुजी, जेवढी मुलं आलीत तेवढ्यांची तपासणी आजच करून टाकते. बोटाला एक टोच, पंधरा-वीस मिनिटांत निकाल.

गुरुजी : ताप कुणाला आहे?

ताई : कुणालाच नाही.

गुरुजी : मग कशाला टोचता? एकेक पोर आणायला मला किती फेऱ्या माराव्या लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. नाले ओलांडून, आईबापांच्या विनवण्या करून आणायचं आणि फाटकात शिरताच बोटाला सुई. मागे एका वर्षी असंच झालं. दुसऱ्या दिवशी गावात बोभाटा, शाळेत पोरांचं रक्त काढून विकतात. तिसऱ्या दिवशी आयाबाया दारात. सात पोरी घेऊन गेल्या. दोन परत आल्याच नाहीत. त्या दोघींची लग्नं झाली, ताई. तुमच्या अहवालात त्या कुठेच नसतील, माझ्या हजेरीपटावर त्यांची नावं अजून आहेत, पुढे लाल रेघ मारून.

ताई : त्या पोरींचं मलाही वाईट वाटतं. पण ताप आलेलं पोर मला सापडतंच. ते पांघरूण घेऊन कोपऱ्यात पडतं, कुणीतरी आशाला सांगतं, ती किट लावते. मला शोधायचं आहे ते मैदानावर व्हॉलीबॉल खेळणारं. बस्तरमध्ये जानेवारी 2020 पासून घरोघर जाऊन सरसकट तपासणी सुरू झाली, ताप असो नसो. पहिल्याच फेरीत ज्यांच्या रक्तात मलेरिया निघाला, त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना काहीच होत नव्हतं. आणि बस्तर म्हणजे काही परका मुलूख नाही. इंद्रावती ओलांडली की तेच जंगल, तीच माणसं. आमचे अर्धे मामा तिकडचे.

गुरुजी : रक्तात जंतू आणि पोर व्हॉलीबॉल खेळतंय?

ताई : खेळतंय. लहानपणापासून ज्याला मलेरिया होऊन होऊन गेलाय, त्याचं शरीर त्याला थोडं सरावतं. पुरतं सरावत नाही, पण जंतू थोडेच राहतात आणि ताप चढत नाही. बाळाच्या अंगात ती ताकद नसते, म्हणून आफ्रिकेत मलेरियानं जाणाऱ्यांत बहुतेक पाच वर्षांच्या आतली लेकरं. बारा-तेरा वर्षांचं पोर तेच जंतू बाळगून हिंडतं. रात्री ॲनोफिलिसची मादी त्याला चावते, दहा-बारा दिवसांत जंतू तिच्या लाळेत उतरतात, मग ती शेजारच्या पलंगावर बसते. त्या पलंगावर देसाईगंजकडून आलेलं, मलेरिया कधी न झालेलं पोर असलं आणि त्याच्या डोक्यात गेला तर?

मेंदूच्या मलेरियाला इकडे ‘डोक्यात जाणं’ म्हणतात. फॅल्सिपेरमचा जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी चिकट होतात आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. आदल्या दिवशी जेवलेलं मूल दुसऱ्या दिवशी ओळख देत नाही, झटके येतात, आणि वेळेत औषध न मिळालं तर ते जातं. पावसाळ्यात भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकदम चढतात. अशा वेळी रस्ते तुटलेल्या गावांना ‘वेळेत’ हा शब्द किती महाग पडतो, ते इथल्या प्रत्येक शिक्षकानं पाहिलेलं आहे. गुरुजी थोडा वेळ बोलले नाहीत ते त्यामुळेच असावं.

गुरुजी : पोर मरू नये हे मला सांगू नका. रात्री दोन वाजता पोराला मांडीवर घेऊन दवाखान्याच्या गाडीत बसलेला माणूस आहे मी. माझं म्हणणं वेगळं आहे. गेल्या वर्षी सुट्टीनंतर सहाव्या-सातव्या दिवशी तीन पोरांना मलेरिया निघाला. वर अहवाल गेला, ‘वसतिगृहात मलेरिया’. अधीक्षकाला नोटीस, आम्हाला बोलणी. आज तुम्ही सगळ्यांना टोचाल, तीसजण निघतील, आणि उद्या छापून येईल, आश्रमशाळेतले तीस विद्यार्थी मलेरियाग्रस्त. मग पुढच्या वर्षी कोण पोर पाठवेल?

ताई : तो अहवाल चुकीचा होता, हे मी तेव्हाही म्हणाले होते. चावल्यापासून ताप येईपर्यंत फॅल्सिपेरममध्ये साधारण नऊ ते चौदा दिवस जातात. शाळेत येऊन सहाव्या दिवशी ताप आला तर चावणारा डास घरचा. आणि व्हायवॅक्स असेल तर गुंता आणखी वाढतो. त्याचे काही जंतू काळजात, म्हणजे यकृतात, झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतात. नवा डास न चावताही ताप येतो. म्हणून तर म्हणते, आल्या दिवशी तपासा. पहिल्याच दिवशी निघाला तर तो वसतिगृहाचा नाही याचा तुमच्या हातात पुरावा राहील.

हा मुद्दा मला फार हुशारीचा वाटला होता. गुरुजींना तो तितकासा भावला नाही.

गुरुजी : म्हणजे शाळा वाचली. पोराचं काय? ताई, हे पोर सुट्टीत काय करतं ते मला विचारा. एप्रिलच्या शेवटी तेंदूचा हंगाम. पहाटे अंधारात जंगलात शिरायचं, उन्हं चढली की घरी येऊन पानं मोजून पुडे बांधायचे, संध्याकाळी खरेदीच्या फळीवर द्यायचे. चांगली पानं लांब असली तर अख्खं घर तिकडे मुक्कामाला, उघड्यावर. जूनमध्ये धानाची कामं. आणि आता दिवाळीला रानडुकरांपासून धान राखायला रात्र रात्र मचाणावर. मचाणावर म्हातारा बाप नाही बसत, थोरला पोरगा बसतो. नाल्यावर रात्री मासे मारायला तोच. डास कधी चावतो? सांजेपासून पहाटेपर्यंत. पोर बाहेर कधी असतं? तेव्हाच. घरात सरकारी मच्छरदाण्या दोन. एकीत आई आणि बाळ, दुसरीत म्हातारा-म्हातारी. पोरगा मोठा झाला, तो अंगणात झोपतो. त्याला तुम्ही नोव्हेंबरात टोचून गोळ्या द्याल, मे महिन्यात तो पुन्हा तिथंच झोपेल. फुटक्या माठात किती पाणी ओताल?

ताई : हे सगळं खरं आहे. पण तुम्ही फक्त पोराचं सांगितलंत. पोरीचं मी सांगते. पाळी सुरू झाली की दर महिन्याला चार-पाच रात्री ती कुर्माघरात. माझं कुर्माघर म्हणजे गावाच्या कडेला एक झोपडी होती. दार नीट लागत नसे, कुडाला फटी. घरातली मच्छरदाणी तिथं न्यायची नाही, विटाळ होतो. मी चौदा वर्षांची होते, दिवाळीच्या सुट्टीत कुर्म्यात होते, तिथंच मला थंडी भरून आली. पाळीत अंग दुखतंच, असं समजून दोन दिवस पडून राहिले. आत कुणी यायचं नाही, त्यामुळे कपाळाला हात लावून बघणारंही कुणी नाही. आई दारातून भात ठेवून जायची. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारली आणि मी उत्तर दिलं नाही, तेव्हा ती नियम मोडून आत आली.

(काही गावांत आता कुर्माघरांच्या जागी पक्की विसावा केंद्रं बांधली गेली आहेत, खाटा आणि पाण्याची सोय असलेली. ती किती चांगली आणि त्यानं प्रथा मोडते की पक्की होते, हा वेगळा वाद आहे, आणि तो इथल्या बायकांनी घालायचा आहे. मला इतकंच वाटतं की प्रथा राहील तोवर तिथल्या खाटेला मच्छरदाणी हवी.)

ताई : म्हणून गुरुजी, मी कुठे म्हणते की तपासणीनं सगळं सुटेल? पण ही मुलं कुणाच्या वहीत आहेत ते सांगा. पाच वर्षांपर्यंतचं लेकरू अंगणवाडीत, ते दर महिन्याला तोललं जातं. बाईला दिवस गेले की ती माझ्या वहीत. मधलं? किशोरवयीन मुलांसाठी केंद्राचा कार्यक्रम जानेवारी 2014 मध्ये सुरू झाला, दहा ते एकोणीस वयासाठी. त्यात सहा विषय: पोषण, लैंगिक आणि प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसनं, इजा आणि हिंसा, आणि मधुमेहासारखे असंसर्गजन्य आजार. सगळे गरजेचे. मलेरिया त्यात नाही. आता मलेरियाच्या बाजूनं बघा. फॅल्सिपेरमच्या गोळ्यांची पाकिटं वयानुसार रंगीत येतात. वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, चार वर्षांपर्यंत पिवळं, पाच ते आठ हिरवं, नऊ ते चौदा लाल, पंधरापासून पुढे पांढरं. तुमचा नववीचा वर्ग घ्या. अर्धा लाल, अर्धा पांढरा. अर्धी पोरं लेकरांत मोजली जातात, अर्धी म्हाताऱ्याकोताऱ्यांत. किशोर म्हणून मलेरियाच्या हिशेबात कुणीच शिल्लक राहत नाही.

गुरुजी : आणि लाल की पांढरं ते ठरवता कसं?

ताई : तुमच्याच दाखल्यावरून. पण त्यावर अर्ध्या वर्गाचा जन्म 1 जूनचा आहे.

गुरुजी : आईबाप सांगतात, मोहाच्या वेळी झाला, पूर आला त्या वर्षी झाला. आम्ही काय लिहिणार?

ताई : दोष देत नाही. माझाही 1 जूनच आहे. पण खरोखर तेरा वर्षांचं किडकिडीत पोर दाखल्यावर पंधराचं निघालं की त्याला पांढरं पाकीट द्यायचं की लाल, यावर मी हातात पाकीट धरून थांबते. शेवटी वजनकाटा काढते.

गुरुजी : वजनकाट्यावरून आठवलं. तुम्ही म्हणता टोचायचं, निघालं की गोळ्या द्यायच्या. तुमच्या किटवर तरी पुरता भरवसा आहे का? एक पोरगा सुट्टीत गावातच औषध घेऊन आला होता. पुरता बरा. तरी किटवर रेघ उमटली आणि त्याला पुन्हा गोळ्या.

ताई : फॅल्सिपेरम बरा झाला तरी काही आठवडे किटवर रेघ येऊ शकते. जंतू मेलेले असतात, त्यांचं प्रथिन रक्तात उरलेलं असतं. उलटही होतं. जंतू अगदी थोडे असले तर किटला दिसत नाहीत. म्हणून ज्यानं महिनाभरात औषध घेतलंय त्याची काचपट्टी करायची, प्रयोगशाळेत पाठवायची. पण औषध घेतलंय का, हे आधी विचारायला हवं. त्या वेळी कुणी विचारलं नाही. तो माझ्या माणसांचा दोष.

गुरुजी : आता मुख्य गोष्ट. मला हे बोलायला अवघड जातं, पण बोलतो. गोळ्यांत ती एक प्रायमाक्विन असते ना?

ताई : असते. फॅल्सिपेरममध्ये तिचा एकच डोस. ताप उतरला तरी डासाला लागू होणारे जंतू रक्तात राहतात, ते त्यानं मरतात. व्हायवॅक्समध्ये मात्र चौदा दिवस, यकृतात झोपलेल्यांसाठी.

गुरुजी : आणि ती गरोदर बाईला चालत नाही.

ताई : चालत नाही.

गुरुजी : मग अकरावीच्या पोरीला गोळी देण्याआधी तुम्ही काय विचारता? इथं, या व्हरांड्यात, रांगेत? मागे एका पथकातल्या माणसानं विचारलं होतं, सगळ्यांसमोर. पोरगी महिनाभर वर्गात मान वर करत नव्हती. पोरं तिच्या मागे काय काय बोलत, ते मी ऐकलंय. आजारी नसलेल्या पोरीला तुम्ही रांगेत उभं केलंत, रक्त काढलंत, तिच्यात रोग आहे म्हणून सांगितलंत आणि वर हे विचारलंत. डासाला थांबवायला पोरीची अब्रू का खर्ची घालायची? त्यात चौदा दिवसांची गोळी रोज कुणी गिळवायची? अधीक्षिकेनं. एखाद्याला ती सोसली नाही, लघवी चहासारखी काळी झाली, तर निलंबित कोण होणार? तीच.

इथपर्यंत मी मनानं ताईंच्या बाजूचा होतो, हे सांगायला हवं. संख्या त्यांच्याकडे होती, विज्ञान त्यांच्याकडे होतं. पण गुरुजींचा हा प्रश्न हळवेपणातून आलेला म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण त्यातही विज्ञान आहे. तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असलेल्या माणसाच्या पेशी प्रायमाक्विननं फुटू शकतात, आणि मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेल्या प्रदेशांत हा दोष अधिक सापडतो. तसं रक्त मलेरियापुढे थोडं टिकाव धरतं. सिकलसेलचंही तेच. एका बाजूनं तो गुण मिळाला तर जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी बचाव, दोन्ही बाजूंनी मिळाला तर आजार, आणि त्या आजारात मलेरिया झाला तर दुप्पट संकट. गडचिरोलीच्या मुलांच्या रक्तात मलेरियाचा इतिहास लिहिलेला आहे. ते रक्त घाईघाईनं हाताळू नये, असं गुरुजी म्हणत होते.

ताई : त्या माणसानं रांगेत विचारलं हे मला माहीत नव्हतं. मी तिथं असते तर त्याला तिथंच थांबवलं असतं. पण गुरुजी, विचारायचंच नाही असं म्हणू नका. आमच्याकडे सतरा-अठराव्या वर्षी पोरींना पहिले दिवस जातात, तुम्हीच आत्ता दोन पोरींचं सांगितलंत. फॅल्सिपेरम पहिल्या बाळंतपणाला सगळ्यांत वाईट. जंतू वारेत जमतात, बाळाला पोचणारं अन्न तुटतं. बाळ कमी वजनाचं होतं किंवा जातं, आणि आई पांढरीफटक पडते. पोरी आधीच रक्तानं कमी. आठवड्याला निळी गोळी खातात लोहाची, आणि मलेरिया आतून तांबड्या पेशी फोडत राहतो. एका हातानं भरायचं, दुसऱ्या हातानं सांडायचं. सोळा वर्षांच्या पोरीच्या रक्तातला मलेरिया आज सापडला नाही, तर तो सतराव्या वर्षी तिच्या बाळाला भेटतो. म्हणून मी विचारणार. एकटीला, आतल्या खोलीत, दार लावून, आमच्या माडियात. शेवटची पाळी कधी आली, कुर्म्यात कधी होतीस, इतकंच. कुर्म्याची तारीख आमच्या पोरी विसरत नाहीत.

गुरुजी : आणि आईबापांना?

ताई : काय आईबापांना?

गुरुजी : विचाराल का? पोर त्यांचं आहे. तुमची तपासणी सुट्टी संपल्यावर होते, पोरं आमच्या ताब्यात आल्यावर, कारण ते तुम्हाला सोयीचं. जमाव आयता मिळतो. गावात जाऊन ग्रामसभेत सांगायला दहा किलोमीटर पायपीट. 1953 साली देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या आधी वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत होता, असा अंदाज सांगतात. डीडीटी फवारून फवारून 1965 च्या सुमाराला तो आकडा एक लाखापर्यंत उतरला. सगळ्यांना वाटलं, संपला. मग 1976 मध्ये 64 लाखांवर रुग्ण. औषधांना न जुमानणारे डास, जंतू, ढिली पडलेली यंत्रणा, कारणं बरीच होती. पण माझ्या वाचनातून मला एक कळलं. फवारणीवाला यायचा, घर रिकामं करायला लावायचा, भिंतीवर पांढरा थर मारून जायचा. लोक मागाहून भिंत सारवून घ्यायचे. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की औषध भिंतीवर राहू द्यायचं असतं.

ताई : अजूनही सारवतात.

गुरुजी : मग?

ताई : ओडिशात 2017 पासून दुर्गम गावांत मलेरियाची शिबिरं सुरू झाली. 2016 साली तिथं साडेचार लाखांच्या आसपास रुग्ण होते, 2019 मध्ये चाळीस हजारांच्या आत आले. लोक तपासणीला पळून जातात म्हणता, तिथं गावंच्या गावं आली.

गुरुजी : आणि 2023 मध्ये पुन्हा वाढले.

ताई : वाढले.

गुरुजी : पुण्यात लस बनते ना मलेरियाची? मग आमच्या पोरांना ती का नाही?

पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तयार केलेली आर-ट्वेंटीवन ही लस बनवते, ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली आणि ती आफ्रिकेतल्या देशांना जाते. हे मी मध्येच सांगितलं. मराठी मुलखात बनलेली लस, आणि मराठी मुलखातल्या मलेरियाला तिचा उपयोग नाही, हे मला स्वतःला चटका लावून गेलं होतं.

ताई : ती पाच महिन्यांच्या पुढच्या बाळांसाठी आहे आणि फॅल्सिपेरमवर चालते, व्हायवॅक्सवर नाही. चौदा वर्षांच्या पोराचा विचार तिथंही नाही. आपल्याकडे किट आहे, गोळी आहे, मच्छरदाणी आहे. या तिघांतच भागवायचं आहे. तुमच्या वसतिगृहात मच्छरदाण्या किती?

गुरुजी : पलंगाला एक. औषध लावलेल्या.

ताई : सुट्टीत त्या कुठे असतात?

गुरुजी : कोठीत. कुलपात.

ताई : पोर मचाणावर उघडं झोपतं आणि त्याच्या नावाची मच्छरदाणी इथं कोठीत घडी घालून?

गुरुजी : डेडस्टॉकला चढवलेली वस्तू आहे ती, ताई. पोर घेऊन गेलं, हरवली, मासे धरायला वापरली, तर भरून कोण देणार? तपासणीला आलेला साहेब रजिस्टर उघडतो, मचाणावर चढून बघत नाही.

ताई : तुम्हीच म्हणालात ना, रोग घरी आहे, शाळेत नाही. मग मच्छरदाणी घरी जाऊ द्या. शाळा आणि घर यांच्यामधे ये-जा करणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे हे पोर. जंतू त्याच्याबरोबर जातो-येतो. मच्छरदाणी का नाही?

गुरुजी बराच वेळ पर्लकोटेच्या दिशेला बघत राहिले. मला वाटतं, वादातला तो खरा क्षण होता. तोवर दोघंही आपापलं कुंपण राखत होते. ताईंच्या कुंपणाबाहेर ग्रामसभा होती, गुरुजींच्या कुंपणाबाहेर मचाण. दोघांच्या कुंपणांमधल्या वाटेवर हे लाल-पांढऱ्या पाकिटांतलं पोर उभं होतं.

गुरुजी : नेऊ देतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत. अर्ज लिहितो वर, परवानगी आली तर ठीक, नाही आली तर पालकाच्या अंगठ्यावर देतो. पण माझ्या दोन अटी. आज कुणाला टोचायचं नाही. तुम्ही येत्या रविवारी माझ्याबरोबर तीन गावांत चला, मोटारसायकलवर. माडियात तुम्ही बोला, मी मागे उभा राहतो. पुजाऱ्यालाही बोलवा, ताप आला की लोक आधी त्याच्याकडे जातात. सोमवारी टोचा, सगळ्यांना.

ताई : तोवर कुणाला ताप आला तर?

गुरुजी : त्याला त्याच क्षणी. रात्री आला तर रात्री. मी स्वतः फोन करतो, लागला नाही तर घेऊन येतो.

ताई : आणि दुसरी अट?

गुरुजी : रक्त काढायच्या आधी एक प्रश्न विचारायचा. माझी पोरं आहेत, मी विचारतो.

त्यांनी आतून एक जुनी वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले. नाव. गाव. महिन्याभरात औषध घेतलं का. शेवटचा रकाना जरा रुंद ठेवला आणि वर लिहिलं, ‘सुट्टीत रात्री कुठे झोपलास?’ मुलींचं ताई आत विचारणार होत्या, त्यांच्या वहीत नावं असणार नव्हती, नुसत्या रेघा. किटचा डबा बंदच राहिला.

व्हरांड्यात मुलांची रांग लागली. सुई नाही म्हटल्यावर रांग लवकर लागली.

मचाणावर. अंगणात. मचाणावर. तीन रात्री नाल्यावर, मामाबरोबर. पलीकडे छत्तीसगडात, आजीकडे, परसात. मचाणावर.

आठवीतल्या एका मुलानं आपणहून पुढे सांगितलं की त्याला मचाणावरच आवडतं, चांदणं असलं की तिथून रानडुकरांची रांग धानात शिरताना दिसते, आधी मोठी, मागून पिल्लं. गुरुजींनी रकान्यात तेही लिहून घेतलं.